धूळपाटी आणि रोजकीर्द

नाटकाला तालीम असते, लग्नाला याद्या असतात. फार काय, कोर्टात उभे राहण्यापूर्वी वकीलदेखील आपला युक्तिवाद एकदा मनाशी म्हणून पाहतो. हिशेबाच्या पक्क्या वहीला मात्र तालीम नाही. रोजकिर्दीत जी रक्कम एकदा उतरली ती उतरली. म्हणूनच जुन्या पेढ्यांवर नव्या उमेदवाराच्या हाती पहिल्याच दिवशी पक्की वही देत नसत. तो आधी कच्च्या खर्ड्यावर जमा आणि नावे गिरवी. आणि त्याहीपूर्वी, लहानपणी, पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरे काढून आलेला असे. धूळपाटीचा मोठा गुण हा की, ती चुकीचा बोभाटा करीत नाही. तळवा फिरवला की पाटी पुन्हा कोरी! ज्याला शिकावयाचे आहे त्याला अशी विसराळू जागा लागते, आणि ज्याला व्यवहार करावयाचा आहे त्याला न विसरणारी वही लागते. या दोन गरजा वेगळ्या आहेत, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना पुरती ठाऊक होती.

या धूळपाटीचा एक नवा अवतार गेल्या काही वर्षांत मला जवळून पाहावयास मिळाला. माझा एक भाचा बेळगावास हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या विक्रीचा आणि विक्रीनंतरच्या देखभालीचा व्यवसाय करतो. महिन्यातून दोन-तीनदा तो चोर्ला घाट उतरून गोव्यात येतो. डिचोली, म्हापसा, फोंडा येथली दुकाने करतो आणि रात्री मुक्कामाला मडगावास माझ्याकडे असतो. खांद्यावर एक पिशवी, पिशवीत एक लॅपटॉप. "एवढ्याशा यंत्रावर इतक्या तऱ्हेच्या व्यापाऱ्यांना तू काय दाखवतोस?" असे मी एकदा त्याला विचारले. तो हसून म्हणाला, "मामा, हे एक यंत्र नव्हे, यात सात आहेत."

ती सात यंत्रे म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आभासी संगणक. खऱ्या संगणकात एक विशेष प्रोग्राम चालतो. तो त्याच्या स्मृतीचा, डिस्कचा आणि प्रोसेसरचा थोडाथोडा हिस्सा वेगळा काढून असा देखावा उभा करतो की, त्या हिश्शात बसवलेल्या विंडोजला आपण स्वतंत्र यंत्रावर नांदत आहोत असेच वाटावे. या धंद्यात बाहेरच्या खऱ्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. पाहुण्याची अख्खी डिस्क म्हणजे यजमानाच्या घरातली एक मोठी फाइल. ती उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येते, तिची प्रत काढता येते. एका वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत, प्रत्येकाची चूल निराळी आणि कुलूप निराळे असावे, पण विहीर एकच असावी, तसा हा प्रकार आहे.

ही कल्पना भाच्याच्या जन्माआधीची आहे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात तिचा पहिला प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती बाजारात आली. त्या काळी संगणक एवढा महाग होता की, एकाच यंत्रावर अनेकांना प्रत्येकी स्वतंत्र यंत्राचा लाभ देण्याची ही युक्ती होती. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन विद्वानांनी अशा व्यवस्थेच्या तीन कसोट्या सांगितल्या: पाहुण्याचे वर्तन खऱ्या यंत्रावर असते तसेच असावे, त्याचा वेग फारसा घटू नये, आणि सर्व साधनांवर अंतिम सत्ता यजमानाचीच असावी. १९९९ मध्ये व्हीएमवेअर या कंपनीने हीच सोय साध्या टेबलावरच्या संगणकावर आणली. आज व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम कोणालाही फुकट मिळतो. त्या तीन कसोट्यांपैकी तिसरी वाचकांनी ध्यानात ठेवावी. माझ्या वकिली मनाला तिनेच पुढे घोर लावला.

विक्रेत्याला ही खटपट कशासाठी करावी लागते? फोंड्याच्या किराणा व्यापाऱ्याला दुपारी बारा वाजता जे दाखवले तेच म्हापशाच्या औषधविक्रेत्याला चार वाजता दाखवून चालत नाही. औषधविक्रेत्याला माल कोणत्या खेपेतला आणि त्याची मुदत केव्हा संपते ते पाहिजे. किराणावाल्याला उधारी पाहिजे. वस्तू-सेवा कराच्या क्रमांकात गोव्याचा संकेतांक ३०, कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. बेळगावच्या व्यापाऱ्याने बेळगावातच माल विकला तर केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर निरनिराळे लागतात. तोच माल घाट उतरून मडगावला आला की एकात्मिक कर. घाटाच्या दोन्ही अंगांना फिरणाऱ्या विक्रेत्याला म्हणून दोन्हीकडच्या काल्पनिक पेढ्या तयार ठेवाव्या लागतात. शिवाय कोणाकडे आजही जुने विंडोज असते, कोणाकडे सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. आणि नव्या आवृत्तीत एकदा चढवलेली माहिती जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही, असा अनुभव नेहमीचा. ही सर्व बिऱ्हाडे एका लॅपटॉपच्या वाड्यात सुखाने राहतात.

पण खरी गंमत स्नॅपशॉटची आहे. पाहुण्या यंत्राची एखाद्या क्षणीची संपूर्ण स्थिती, उघडे असलेले पान आणि लुकलुकणारा कर्सर यांसुद्धा, गोठवून ठेवता येते. त्यानंतर काय वाटेल ते करावे, बिले फाडावीत, खाती मोडावीत. एक कळ दाबली की यंत्र त्या क्षणाशी परत येते. फोंड्यातील एका वृद्ध दुकानदारांना भाचा हे दाखवीत असता मी योगायोगाने तेथे होतो. संगणकाला हात लावावयास त्यांचे बोट धजेना. "हें खरें न्हय मू?" असे त्यांनी दोनदा विचारले. भाचा म्हणाला, "आजोबा, हे खरे नव्हे. तुम्ही हवे ते बिघडवा." मग त्यांनी लाखाच्या जागी कोटीची नोंद केली, एका खात्याचे नाव पुसले, आणि यंत्र पूर्वपदावर आलेले पाहून लहान मुलासारखे हसले. त्या दिवशी त्यांची भीती गेली. शिकणाऱ्याच्या मनातून भीती काढून टाकणे हे काही लहान काम नव्हे.

हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनाही ही तालमीची गरज उमगलेली आहे. टॅलीच्या परवान्याविना चालणाऱ्या शैक्षणिक अवस्थेत महिन्यातल्या पहिल्या, दुसऱ्या अशा मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात. शिकणाऱ्याला तेवढ्या पुरतात, धंदा करणाऱ्याला पुरत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स नॅव्हबरोबर 'क्रोनस' नावाची एक काल्पनिक कंपनी तयार मिळे. डायनॅमिक्स जीपीबरोबर 'फॅब्रिकॅम' नावाची. या फॅब्रिकॅमची कारकीर्द मोठी मौजेची. तिचे व्यवहार भविष्यकाळात चालत. आधी २०१७ साली, आणि ते साल जवळ येऊ लागताच पुढच्या आवृत्त्यांत १२ एप्रिल २०२७ या दिवशी. खोट्या पेढीने खऱ्या पंचांगाच्या पुढेच राहावे, म्हणजे तिची नोंद कोणाच्याही खऱ्या नोंदीशी गल्लत करणार नाही, असा अर्थ मी आपला त्यातून काढला.

गोठवलेला क्षण शुद्ध राहतो, पण शिळाही होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू-सेवा कराचे दर बदलले. बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ आणि १८ टक्क्यांचे राहिले. त्यापूर्वी काढलेला स्नॅपशॉट उघडला की, त्यातली पेढी निर्धास्तपणे जुन्या दराने बिले करू लागते. बाहेरच्या जगात दर बदलला हे त्या बिचारीला कोण सांगणार? म्हणून प्रात्यक्षिकाची यंत्रेही अधूनमधून जागी करून, नवी माहिती भरून, पुन्हा गोठवावी लागतात.

देखभालीच्या कामात तर हे साधन फारच उपकारक. एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याची माहिती नव्या आवृत्तीत चढेना. भाच्याने मूळ फाइलीला हातही न लावता तिची प्रत पाहुण्या यंत्रावर घेतली, त्या व्यापाऱ्याकडे होते तेच विंडोज आणि तीच जुनी आवृत्ती तेथे उभी केली, आणि तीनदा प्रयत्न केला. दोनदा सारे कोसळले. दोनदा तो मागे आला. तिसऱ्या खेपेस बिघाड नेमका कोठे आहे ते सापडले. रोग्यावर प्रयोग न करता औषध शोधावयाचे, ही सोय वैद्याला नाही, ती या मुलांना आहे.

इथवर सर्व कौतुकाचे झाले. आता ज्या दोन गोष्टींसाठी मी लेखणी उचलली त्या सांगतो.

पहिली गोष्ट दुसऱ्याच एका विक्रेत्याची. माझ्या एका पक्षकाराच्या कचेरीत तो आपले सॉफ्टवेअर दाखवीत होता आणि मी करारनामा वाचण्यासाठी बसलो होतो. पडद्यावर येणे-उधारीची यादी उघडली आणि माझे पक्षकार एकदम पुढे सरकले. यादीतली नावे त्यांच्या ओळखीची होती. कोणाकडे किती थकले आहे, कोणाला किती दिवसांची मुदत, सारे काही खरे! विक्रेत्याने आपल्याच एका जुन्या गिऱ्हाईकाची वही, दुरुस्तीसाठी आणलेली, प्रात्यक्षिकाच्या यंत्रात तशीच ठेवली होती. "साहेब, हा नुसता डेमो आहे," असे तो म्हणाला. डेमो त्याच्यापुरता होता. ज्यांची नावे त्या यादीत होती त्यांच्यापुरता नव्हता. माझ्या पक्षकारांनी पडदा बंद करावयास सांगितले आणि त्या माणसाला चहा पाजून परत पाठवले. "आज यांचे मला दाखवतो, उद्या माझे कोणाला दाखवील," एवढेच ते बोलले. व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते, आणि ती वही दुसऱ्याच्या हाती देताना तो आपली अब्रू देत असतो. २०२३ साली आपल्याकडे डिजिटल स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण कायदा नसता तरी ही गोष्ट गैरच ठरली असती.

येथे धूळपाटीची उपमा थोडी अपुरी पडते, हे मला मान्य केले पाहिजे. धूळपाटीवरचे अक्षर पुसले की ते कायमचे गेले. आभासी यंत्रात तसे होत नाही. आज त्यातून गिऱ्हाईकाची माहिती काढून टाकली, तरी कालच्या स्नॅपशॉटमध्ये ती जशीच्या तशी असते. त्या यंत्राची प्रत मित्राला दिली असेल तर तेथेही असते. समोरची पाटी कोरी दिसते, आणि मागच्या फडताळात भरलेल्या पाट्यांची चळत असते! म्हणून आता भाचा कोणाची माहिती दुरुस्तीस घेतो तेव्हा लेखी संमती घेतो, विक्रीच्या यंत्रांपासून ती अलग ठेवतो, आणि काम झाल्यावर ते पाहुणे यंत्र त्याच्या सर्व स्नॅपशॉटांसह नष्ट करून तसे लिहून देतो. त्या कागदाचा मसुदा मी करून दिला आहे. अर्ध्या पानाचा आहे, पण गिऱ्हाईके तो जपून ठेवतात असे ऐकतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नाव आणि गाव सांगणे माझ्या व्यवसायाच्या धर्मात बसत नाही. दोन भावांची एक खाजगी मर्यादित कंपनी. तिचे खरे हिशेब कचेरीतल्या मोठ्या संगणकावर अशाच एका आभासी यंत्रात चालत. त्यात वावगे काही नाही. हल्ली कितीतरी ठिकाणी तसे असते. दिवाळीनंतर थोरल्या भावाने काही मोठ्या रकमा कंपनीकडून आपल्याला येणे म्हणून नोंदवल्या, आणि बोलाचाली बंद झाली. धाकट्याने एका रात्री भाच्याला फोन केला. "तुम्ही डेमोला करता तसे करा. मशीन दिवाळीच्या आदल्या दिवसावर नेऊन ठेवा. मग ते झालेच नाही!"

भाच्याने नकार दिला आणि मला विचारले. दुसऱ्या दिवशी तो धाकटा भाऊ स्वतःच माझ्याकडे आला. तो लबाड माणूस नव्हता, दुखावलेला होता. घर फुटण्याच्या आदल्या दिवसावर परत जाता यावे, असे कोणाला वाटत नाही? मी त्याला आधी व्यवहाराची गोष्ट सांगितली. मागे गेलेले यंत्र फक्त आतले मागे नेते. जे बाहेर गेले ते परत येत नाही. या तीन आठवड्यांत बँकेने जे धनादेश वटवले ते वटलेच. गिऱ्हाईकांच्या हाती जी बिले गेली ती गेलीच. कराच्या पोर्टलवर नोंदवलेले ई-इनव्हॉइस रद्द करावयास २४ तासांची मुदत असते. ती केव्हाच उलटली. म्हणजे साऱ्या जगाच्या वहीत ते तीन आठवडे राहणार, आणि तुझ्याच वहीत तेवढे नसणार.

मग कायद्याची गोष्ट सांगितली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, ज्यात प्रत्येक व्यवहाराची आणि प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद आपोआप राहील आणि ती नोंदवही कोणाला बंद करता येणार नाही. नियमाचा हेतू उघड आहे: वहीने विसरता कामा नये. पण वरची ती तिसरी कसोटी आठवा. पाहुण्यावर सत्ता यजमानाची असते. सॉफ्टवेअर आपल्या परीने प्रामाणिकपणे फेरफार टिपत असते. परंतु अख्खे यंत्रच मागच्या दिवसावर नेले तर ती टिपणवहीही मागे जाते, आणि आपण काही विसरलो आहोत हे तिला कळतही नाही. प्रात्यक्षिकात जे वरदान तेच येथे शस्त्र होते. लेखापरीक्षकाला ते रोजच्या बॅकअपवरून, बँकेच्या उताऱ्यावरून, यजमान यंत्राच्या स्वतःच्या नोंदींवरून उमगू शकते. आणि उमगले म्हणजे ज्याने मशीन मागे नेले तो गुन्हेगार ठरतो, ज्याने वादग्रस्त नोंद केली तो नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या साक्ष अधिनियमाच्या २८व्या कलमाप्रमाणे, नित्यक्रमाने ठेवलेल्या हिशेबातील नोंदी, मग त्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या का असेनात, न्यायालयात ग्राह्य असतात. मात्र केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे लादता येत नाही. "थोरल्याने लिहिले म्हणून तुझ्यावर देणे बसले असे नाही," मी म्हणालो, "पण तू पुसलेस तर तुझी बाजूच पुसली जाईल."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे ते तसेच राहू द्यायचे?"

तसेच राहू द्यावयाचे नसते. हिशेबशास्त्राने त्यावर फार पूर्वीच तोड काढून ठेवली आहे. चुकीची नोंद खोडत नाहीत, तिच्यासमोर उलट नोंद करतात आणि ती का केली याचा खुलासा शेजारी लिहितात. जुना हिशेबनीसही चूक खरवडून काढीत नसे. खालची रक्कम वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारी आणि वर खरी रक्कम लिही. पुढे महिनाभराने दोन्ही भाऊ, बोलणे बंद असतानाही, लेखापरीक्षकासमोर बसले. निम्म्या रकमांना पावत्या निघाल्या, त्या कायम राहिल्या. उरलेल्यांच्या उलट नोंदी संचालकांच्या ठरावानुसार झाल्या. भावांचे मनोमीलन झाले असे मी लिहिणार नाही, कारण ते झालेले नाही. परंतु ताळेबंदावर दोघांच्या सह्या आहेत, आणि पुढे कधी बोलावयाचे ठरलेच, तर दोघांनाही मान्य असा एक कागद तरी त्यांच्यामध्ये आहे.

त्या प्रसंगानंतर भाच्याने आपल्या व्यवसायात एक नियम कडक केला. विक्रीची, शिकवणीची आणि दुरुस्तीची यंत्रे निराळी. त्यांच्या पडद्यावर ठळक अक्षरांत 'तालीम' असे लिहिलेले. आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी त्यांचे बाहेरच्या जाळ्याशी असलेले नाते तोडलेले, म्हणजे खोट्या पेढीचे बिल चुकूनही खऱ्या पोर्टलवर जाऊ नये. गिऱ्हाईकाचे खरे हिशेब आभासी यंत्रात असतील तर तेथे स्नॅपशॉटला बॅकअप समजावयाचे नाही, आणि यंत्र मागे न्यावयाची कळ एकट्यादुकट्याच्या हाती ठेवावयाची नाही. असे नियम पाळणारा विक्रेता थोडा महाग पडतो असे म्हणतात. पडो.

वाचकांपैकी पुष्कळ जण कोठल्या ना कोठल्या संस्थेच्या, दुकानाच्या, पतपेढीच्या कारभारात असतील. त्यांच्या दारी असा एखादा तरुण लॅपटॉप घेऊन आला तर त्याला अवश्य बसवून घ्यावे, काल्पनिक पेढीत मनसोक्त चुका करून पाहाव्यात, आणि उठताना त्याला दोन प्रश्न विचारावेत: या पडद्यावरची नावे कोणाची? आणि आमची खरी वही तुमच्या हाती आल्यावर ती मागे नेण्याची कळ कोणाजवळ राहील? पहिल्याचे उत्तर 'कोणाचीच नाहीत' असे असावे. दुसऱ्याचे उत्तर त्याने लिहून द्यावे.